गप्प नायिकेला गाणं कसं द्यायचं?

इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ना खून ना विषप्रयोग, मग त्यांचा ऑपेरा होणार कसा, हा एका लेखातला सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण ब्रिटिश संगीतकार जोनाथन डव्हने २०११ मध्ये तिच्या 'मॅन्सफील्ड पार्क' या कादंबरीचा ऑपेरा केलाच की! तोही दहा गायक आणि एकाच पियानोवर दोन वादक एवढ्यावर. (२०१७ मध्ये वाद्यवृंदासह आवृत्तीही आली. मला तो पहिला सुटसुटीत मामलाच पटतो, दिवाणखान्यातली गोष्ट आहे ती.)

तिची नायिका फॅनी प्राइस चारचौघांत फारसं तोंड उघडत नाही, खरंय. पण कादंबरीतला सदर्टनच्या, म्हणजे रशवर्थच्या इस्टेटीच्या, बागेतला प्रसंग आठवा. फाटकाला कुलूप, रशवर्थ बिचारा किल्ली आणायला पळालाय, आणि त्याची वाग्दत्त वधू मारिया हेन्री क्रॉफर्डबरोबर कडेकडेने पसार! फॅनी बाकावर बसून सगळं बघतेय. वाचताना एकेकाच्या मनात एकामागून एक शिरावं लागतं. ऑपेरात चौघं चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी गाऊ शकतात. गद्य नाटकात हे केलं तर नुसता गलका.

हातचा जातो तो निवेदनातला तिरकसपणा. फॅनीची मावशी मिसेस नॉरिस हिचा चिक्कूपणा गाऊन दाखवता येईल हो, पण त्यावरची ऑस्टिनची कोपरखळी कोणत्या वाद्यावर वाजवणार?