मोकळी व्हीरॅम किती, एवढंच विचारलंय!

ग्राफिक्स कार्डावर आत्ता किती मेमरी, म्हणजेच व्हीरॅम, मोकळी आहे? बस, एवढंच हवंय. हा आकडा कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला माहीत असतो, ऑपरेटिंग सिस्टिमला माहीत असतो, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तर त्याचा आलेखसुद्धा दिसतो. पण ज्या प्रोग्रॅमला टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) लोड करायचंय, त्याने विचारलं की त्याला दारोदार हिंडवायचं!

ओपनजीएल, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घ्यायचा एपीआय (प्रोग्रॅमने वापरायच्या फंक्शनांचा संच), १९९२ सालचं. ४.६ ही आवृत्ती आली २०१७ मध्ये. एवढ्या वर्षांत गाभ्यात या एका प्रश्नाची सोय झाली नाही. एनव्हिडियाच्या कार्डासाठी एनव्हीएक्सचं एक्स्टेन्शन (गाभ्याबाहेर वरून जोडलेली सोय) धरा, एएमडीसाठी एटीआय मेमइन्फो. त्या दुसऱ्याला विचारलं की चार आकडे हातात पडतात: एकूण मोकळी जागा, त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा, आणि हेच दोन पुन्हा सहायक मेमरीचे. टेक्स्चरसाठी वेगळी चौकशी, व्हीबीओसाठी (आकारांचे बिंदू ठेवायची जागा) वेगळी, रेंडरबफरसाठी (काढलेलं चित्र ठेवायची जागा) वेगळी. आणि दोन्ही एक्स्टेन्शनं नसली तर? बसा अंदाज बांधत.

डब्ल्यूएमआयला, म्हणजे संगणकाची माहिती देणाऱ्या विंडोजच्या सेवेला, विचारा म्हणतात. अहो, तिथलं अ‍ॅडाप्टररॅम हे फील्ड ३२ बिटांचं आहे! चार जीबीच्या पुढचं त्यात मावतच नाही. शिवाय ती एकूण मेमरी, मोकळी नव्हेच. वल्कन, ओपनजीएलचा वारस, एवढं नवं, तरी त्याच्या गाभ्यात फक्त हीपचा (मेमरीच्या साठ्याचा) एकूण आकार कळतो. बजेट, म्हणजे आत्ता किती मेमरी वापरता येईल ते, हवं तर पुन्हा वेगळं एक्स्टेन्शन. ब्राउझरमधल्या वेबजीएलमध्ये तर काहीच नाही. त्यातल्या त्यात विंडोज १० पासून डीएक्सजीआयने (विंडोजच्या डायरेक्टएक्सचा एक भाग) नीट काम केलंय: तुमचं बजेट इतकं, तुम्ही वापरलेली इतकी. म्हणजे हे करता येतं! मग बाकीच्यांना काय झालंय?

सगळ्यात डोकं फिरतं ते ठरलेल्या उत्तराने: ‘तुला हे कळायची गरजच नाही, ड्रायव्हर बघून घेईल.’ काय बघून घेतो? व्हीरॅम भरली की तो गुपचूप टेक्स्चरं सिस्टिम रॅममध्ये ढकलतो आणि प्रत्येक फ्रेमला ती पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्डाला बाकी संगणकाशी जोडणारी, त्यामानाने संथ वाट) ओढत बसतो. बहुतेक वेळा आउट ऑफ मेमरीची एररही येत नाही. सेकंदाला साठ फ्रेमचे बारा होतात, आणि शिव्या कोणाला? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला.

दुसरं उत्तर असं की आकडा वाचेपर्यंत तो शिळा होतो, कारण इतर प्रोग्रॅमही मेमरी घेत असतात. होतो ना! डिस्कवरची मोकळी जागासुद्धा क्षणाक्षणाला बदलते. म्हणून ती कोणी लपवून ठेवली का? मला अचूक बाइट नकोयत. २०४८ पिक्सेल रुंदीचं टेक्स्चर लावू की ४०९६चं, एवढं ठरवता आलं तरी पुरे. पाच सेकंद जुना आकडाही त्याला चालतो.

एक फंक्शन द्या. दोन आकडे: बजेट आणि वापर. प्रत्येक एपीआयच्या गाभ्यात, कुठल्याही कंपनीचं नाव न विचारता. आज त्याच्या जागी कार्डागणिक वेगळा कोड लिहावा लागतो, तो वेगवेगळ्या कार्डांवर तपासावा लागतो, आणि एवढं करूनही शेवटी सेटिंगमध्ये ‘टेक्स्चर क्वालिटी: लो, मीडियम, हाय’ टाकून ज्याला व्हीरॅम हा शब्दही माहीत नाही, त्या वापरणाऱ्यालाच विचारावं लागतं.