नाव बदललं म्हणजे गाणं चोरलं का?

कार्टर फॅमिली, म्हणजे 1920-30 च्या दशकांत लोकगीतं आणि कंट्री गाणी रेकॉर्ड करणारं ते अमेरिकन कुटुंब, त्यांचा विषय निघाला की कोणीतरी हटकून म्हणतंच, अहो ती सगळी ढापलेली गाणी, नुसती नावं बदललीत. मला हे अर्धंच पटतं. कारण नाव का बदललं हे कोणी बघतच नाही, सरळ त्यांचा म्होरक्या ए. पी. कार्टर, त्याला चोर ठरवून मोकळे.

1909 च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डवरच्या प्रत्येक गाण्यामागे कॉपीला 2 सेंट रॉयल्टी होती, पण ती कोणाच्या तरी मालकीच्या गाण्यालाच. पिढ्यानपिढ्या चालत आलेलं गाणं जसंच्या तसं गायलं तर कोणालाच छदाम नाही. आणि अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात ऑगस्ट 1927 मध्ये ज्याने कार्टरांना पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तो राल्फ पीअर, त्याचं व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीशी डीलच असं होतं की पगार नको, गाण्यांचे हक्क मला द्या. मग त्याला 'नवीन' गाणीच लागणार ना! जुनं असेल तर निदान नवीन म्हणून खपेल इतकं तरी बदला. 1860 चं छापील गाणं 1928 मध्ये 'वाइल्डवुड फ्लॉवर' झालं, त्यात तर फुलांची नावं तोंडातोंडी इतकी बिघडलीत की काही कडव्यांचा अर्थच लागत नाही, तरी आज लोकांना माहीत आहे ते हेच.

आता 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' घ्या, 1935 चं. मूळ 1907 चं चर्चमधलं गीत, शब्द एडा हॅबरशन, चाल चार्ल्स गॅब्रिएल. शीर्षकात बदल एका शब्दाचा, 'विल' चं 'कॅन'. पण आत ऐका! मूळ गीत सगळं स्वर्गात पुन्हा भेटू का या प्रश्नावर, आणि इथे डायरेक्ट आईची अंत्ययात्रा, खिडकीत उभा मुलगा, गाडीवाल्याला म्हणतोय जरा हळू चालव रे बाबा. ही चोरी म्हणायची? मी तरी नाही म्हणणार. गंमत म्हणजे 1972 मध्ये निटी ग्रिटी डर्ट बँड या अमेरिकन बँडने कार्टर फॅमिलीतल्या मेबेल कार्टरलाच सोबत घेऊन ते केलं तेव्हा नाव परत 'विल', पण कडवी कार्टरांचीच.

आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदावर सरळ 'चाल : अमुक' छापलेलं असायचं. उसनी चाल आहे हे सांगायला लाज नव्हती, मग तिकडे अमेरिकेत रेकॉर्डच्या लेबलवर तेवढी एक ओळ टाकायला काय जात होतं?

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवाला ए. पी. बरोबर गावोगाव गाणी गोळा करत हिंडायचा, ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा आणि चाल रिडलच्या डोक्यात राहायची, घरी आल्यावर तो ती यांना शिकवायचा. लेबलवर त्याचं नाव कुठेच नाही. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड व्हायला त्याला 1960 चं दशक उजाडलं, तेही माइक सीगर हा लोकसंगीतवाला त्याला शोधत गेला म्हणून. चोर चोर ओरडणाऱ्या पोस्टींमध्ये याचं नाव किती वेळा दिसतं ते बघा एकदा.