मग मावशीचंच खातं खोटं म्हणायचं का?

मावशीने परवा घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलं, वर "सावध राहा" आणि हात जोडलेले. हे आधी तीन ग्रुपवर येऊन गेलेलं. त्यात खोट्या खात्यांबद्दल चार गोष्टी ठणकावून सांगितल्यात. एक, खोटं खातं पाहताक्षणी कळतं: स्वतःचा फोटो नसतो, मित्र मोजके असतात. दोन, आपल्याशी वाद घालायला येतो तो भाडोत्री, म्हणजे पैसे घेऊन लिहिणारा, त्याला थेट ब्लॉक करा. तीन, शिकलेला माणूस यांना फसत नाही. चार, संशोधनाने सिद्ध झालंय की अशा खात्यांचा मतांवर परिणाम शून्य, उगाच बाऊ नको. परिणाम शून्य असेल तर ब्लॉक तरी कशाला करायचं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

एरवी सोडून दिलं असतं. पण मावशीने ते अमलात आणलं. बाबांबरोबर वर्षानुवर्षं शिकवलेल्या एका सरांनी तिच्या पोस्टखाली "ही बातमी कुठली?" एवढंच विचारलं. सरांच्या डीपीवर सूर्यास्त आहे. झालं, सर भाडोत्री ठरले.

आता मावशीच्या स्वतःच्या डीपीवर गुलाब आहे आणि मित्र पन्नासही नाहीत. पहिल्या मुद्द्याच्या कसोटीवर सगळ्यात आधी तीच बाद होते. मन लावून बनवलेलं खोटं खातं असं ओकंबोकं नसतंच. 'जेना अब्राम्स' नावाची एक अमेरिकन तरुणी ट्विटरवर होती. सुमारे ७० हजार फॉलोअर, सिनेतारकांच्या कपड्यांवर शेरे, अधूनमधून राजकारण. मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी तिची वाक्यं बातम्यांत घेतली. २०१७ मध्ये कळलं की अशी कुणी बाई नाहीच. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या खोटी खाती चालवणाऱ्या कंपनीत बसून ते खातं चालवलं जात होतं. आणि फोटोचं म्हणाल, तर २०२२ च्या एका प्रयोगात लोकांना खरे आणि संगणकाने बनवलेले चेहरे ओळखायला लावले. बरोबर उत्तरं निम्म्याहूनही कमी. नाणं उडवलं असतं तरी बरं.

शिकलेल्यांच्या मुद्द्यावर जास्त बोलायला नको. जेनाची वाक्यं उचलणारे पत्रकार अडाणी नव्हते.

चौथ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये जानेवारी २०२३ ला आलेल्या अभ्यासात २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतली रशियन ट्विटर खाती तपासली होती. ती पाहण्याचा आणि मत बदलण्याचा लक्षणीय संबंध सापडला नाही. पण फॉरवर्डने तिथेच वाचन थांबवलेलं दिसतं. त्याच अभ्यासात आहे की या पोस्ट दिसण्याच्या घटनांपैकी ७० टक्के फक्त १ टक्का लोकांच्या वाट्याला आल्या, आणि सर्वाधिक पोस्ट पाहिल्या त्या कट्टर रिपब्लिकन मतदारांनी. म्हणजे ज्यांचं मत आधीच पक्कं होतं त्यांनी. ते बदलणार काय? शिवाय हा हिशोब एका निवडणुकीचा आणि एकट्या ट्विटरचा. त्यावरून "कुठेच काही होत नाही" म्हणणं म्हणजे एका विहिरीत गाळ नाही म्हणून गावभर पाणी शुद्ध असल्याचं जाहीर करणं.

आणि इथेच दुसरा मुद्दा पुरता उलटा पडतो. खोटं खातं बहुतेकदा आपल्याशी भांडायला येतच नाही. ते आपल्या बाजूने बोलतं. चीनमध्ये सरकारसाठी लिहिल्या जाणाऱ्या पोस्टचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: वर्षाला अंदाजे ४४ कोटी ८० लाख पोस्ट, आणि त्यांत वाद जवळजवळ नाहीच. नुसती वाहवा, आणि विषय तापला की दुसरीकडे लक्ष वळवणं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनचं प्रकरण तर याहून भारी. २१ मे २०१६ ला तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर दोन गट आमनेसामने आले. एकाला 'हार्ट ऑफ टेक्सास' नावाच्या फेसबुक पानाने इस्लामविरोधी निदर्शनाला बोलावलं होतं, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका'ने त्याच केंद्राच्या पाठिंब्याला. दोन्ही पानं त्याच सेंट पीटर्सबर्गच्या कंपनीची. दोन्हीकडच्यांना बोलावणारा "आपला माणूस"च वाटला होता. मत कुणाचंही बदललं नसेल, पण माणसं घर सोडून रस्त्यावर आली. रस्त्याच्या पलीकडून ओरडणारी माणसं मात्र खरी होती, जिवंत, त्याच शहरातली.

म्हणजे फॉरवर्ड काय शिकवतं? जो "कुठली बातमी?" विचारतो त्याला हाकला, आणि जो "अगदी बरोबर बोललात ताई" म्हणतो त्याला ठेवा. खोटी खाती चालवणाऱ्याला याहून सोयीचा सल्ला त्याने स्वतः लिहिला असता तरी जमला नसता.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिच्या पोस्टखाली रोज "अगदी बरोबर" लिहिणारी एक बाई आहे. ही कोण, विचारलं. "माहीत नाही गं, पण चांगली आहे," म्हणाली. सर अजून ब्लॉकच आहेत.