सरसकट आठ फूट? आधी खोडाला दोर लावून बघा

चिंचा झोडायचे दिवस आले की आमच्या सोलापूरकडे मोबाईलवर झाडावर चढायच्या युक्त्या फिरायला लागतात. यंदाचा मजकूर जरा निराळा आहे. अमेरिकेत हरणांचे शिकारी झाडाला दोराने बांधायच्या सुट्या पायऱ्या वापरतात. कुणीतरी तिकडचा व्हिडिओ बघून त्या पायऱ्यांच्या दोराबद्दलची माहिती मराठीत उतरवली. बार्शी-वैरागच्या चिंचवाल्यांपासून नान्नजला पक्षी बघायला जाणाऱ्यांपर्यंत ती सगळ्यांना पोचली आहे. मला ती तिघांनी पाठवली, त्यातले एक माझे सख्खे मामा. खाली त्यांचा प्रश्न होता : "आरं, आठ फूट म्हंत्यात. आणू का?"

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. झाड कुठलंही असो, दर पायरीला आठ फूट दोर घ्या. शंका असेल तर जास्त घ्या, लांब दोराने नुकसान होत नाही. घेर काढायचा असेल तर जाडीला तीनने गुणा. दोर बाजारातला कुठलाही जाड नायलॉन चालेल. आणि पायऱ्या नीट आवळल्या असतील तर अंगाला दोर बांधायची गरज नाही.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायरी म्हणजे पाऊल टेकेल एवढी ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यामागे खोडाला टेकणारे दातेरी टेकू. दोराचं एक टोक पायरीला कायमचं अडकवलेलं असतं. दुसरं टोक खोडामागून फिरवून परत आणायचं, पायरीवरच्या खुंटीला आठाच्या आकड्यासारखे दोन वेढे द्यायचे, आवळायचं आणि पायरी खाली दाबून बसवायची. झाडात खिळा नाही की स्क्रू नाही. माझ्याकडे अशा सहा पायऱ्या आहेत, एका मित्राने परदेशातून येताना आणलेल्या. शिकार सोडून बाकी सगळ्या कामांना त्या वापरून झाल्या आहेत.

"झाड कुठलंही असो, आठ फूट."

हा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. तो तिकडच्या झाडांचा आकडा आहे. हिशेब करा. आठ फूट म्हणजे ९६ इंच. खुंटीचे वेढे, आवळताना मुठीत धरायला लागणारा दोर आणि शेवटी खोचायचं शेपूट मिळून ३० इंच तरी जातात. उरले ६६. त्याला ३.१४ ने भागलं की २१ इंच येतात. म्हणजे आठ फुटी दोर २१ इंच जाडीच्या खोडापर्यंत जेमतेम पुरतो. तिकडे झाडावर टांगायच्या मचाणांच्या सूचनापत्रकात झाडाची जाडी साधारण ९ ते २० इंच असावी अशी मर्यादा छापलेली असते. शिकारी झाड निवडतो तेच विजेच्या खांबासारखं सरळसोट. पायऱ्या पाठीवर वाहून न्यायच्या असल्याने दोर जरुरीपेक्षा लांब ठेवत नाही. त्याच्यासाठी आठ फूट अगदी बरोबर.

आता मामांच्या बांधावरच्या चिंचेपाशी या. छातीच्या उंचीला सुतळी गुंडाळून आम्ही तिचा घेर मोजला : ९ फूट ४ इंच. आठ फुटी दोराची दोन टोकं तिथं एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. तिला दोर लावायचा तर बारा फूट तरी पाहिजे. त्याच झाडाची वरची उभी फांदी मोजली तर घेर २ फूट ९ इंच. तिथं आठ फुटांतला पावणेतीन फूट दोर नुसताच लोंबतो. एकाच झाडावर खाली चार फूट कमी आणि वर पावणेतीन फूट जास्त, मग 'झाड कुठलंही असो' म्हणायचं कशाच्या जोरावर?

बरं, बारा फुटी दोर घेतला तरी त्या बुंध्याचं काम होत नाही. मजकूर लिहिणारा बहुधा स्वतः झाडावर चढलेला नाही, कारण ही अडचण वर गेल्याशिवाय कळत नाही. दोराचं टोक खोडामागून पलीकडच्या हातात यावं लागतं. माणसाची वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर, साधारण त्याच्या उंचीएवढी असते. साडेपाच फुटी माणूस जमिनीवर उभा राहून साडेनऊ फुटी खोडाला कवेत घेऊ शकत नाही, मग एका पायरीवर तोल सांभाळत कुठून घेणार? टोकाला वजन बांधून झोका देत फिरवावं लागतं. मी ते करून पाहिलंय. चौथ्या झोक्याला टोक हातात आलं, तोवर पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. माझं मत स्पष्ट आहे : पाच फुटांपेक्षा जास्त घेराच्या बुंध्याला या पायऱ्या बांधूच नयेत. तिथं बांबूची शिडी लावावी, बेचक्यापर्यंत जावं आणि पायऱ्या तिथून वर वापराव्यात.

बेचक्यावरून आणखी एक. झाड वर जाईल तसं बारीक होतं, तेव्हा खाली पुरलेला दोर वर पुरणारच, असं आपण गृहीत धरतो. बेचक्याच्या लगेच खाली खोड पुन्हा फुगतं, कारण तिथं दोन फांद्यांचं लाकूड एकत्र येत असतं. कडुनिंबावर हा फुगवटा कमी, चिंचेवर चांगलाच. खाली नेमका पुरलेला दोर तिथं वीतभर कमी पडला की माणूस वाईट जागी अडकतो. वर जाता येत नाही आणि हातातली पायरी ठेवायला जागा नसते.

"लांब दोराने नुकसान होत नाही."

माझं झालंय. गावाच्या शिवेवरच्या एका कडुनिंबावरून उतरत होतो. वरच्या पायरीच्या दोराचं तीनेक फूट शेपूट मी गुंडाळून खोचलं होतं, असं मला वाटत होतं. ते सुटून खालच्या पायरीवर पडलं होतं. उतरताना माणूस पायाखाली बघत नाही, बुटाने चाचपतो. बूट पट्टीवर टेकायच्या ऐवजी दोरावर टेकला, दोर लाटण्यासारखा फिरला आणि मी पाचेक फुटांवरून नांगरलेल्या रानात बसलो. ढेकळांनी वाचवलं. खाली खडक असता तर मी हे लिहीत बसलो नसतो.

शेपूट लोंबू नये म्हणून काही जण जास्तीचा दोर पायरीभोवतीच गुंडाळतात. मग दातेरी टेकू आणि साल यांच्यामध्ये दोराचा बोळा येतो. पायरी खोडावर बसत नाही, बोळ्यावर बसते. वजन पडलं की बोळा दबतो आणि पायरी डुगडुगते.

जास्तीच्या दोराचा एकच खरा उपयोग आहे, खोडाला दुसरा पूर्ण वेढा. दांडगा बैल खुंट्याला बांधताना कासऱ्याचे दोन वेढे आधी का घेतात, ते शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर दर पूर्ण वेढ्यामागे दोराची पकड साडेसहा पटीने वाढते. पण वेढा पूर्ण हवा, म्हणजे आणखी एक घेरभर दोर हवा. अडीच फुटी फांदीला हे सहज जमतं, त्यापुढे दोर खोडामागे स्वतःवरच चढतो आणि दबलेला वेढा नंतर ढिला पडतो. अर्धामुर्धा उरलेला दोर ना इकडचा ना तिकडचा.

"जाडी गुणिले तीन."

गुणिले ३.१४. दोन फूट जाडीच्या खोडाला तीनने गुणलं तर सव्वातीन इंचांहून जास्त दोर कमी पडतो, तेही खोड अगदी गोल असेल तर. चिंचेचं जुनं खोड गोल कुठं असतं? त्याला खाचा, फुगवटे, गाठी. एका बाजूने बघितलं तर दोन फूट, दुसऱ्या बाजूने अडीच. जाडी मोजूच नका. सुतळी घ्या, पायरी जिथं बसणार तिथं गुंडाळा. मामांची रीत सोपी आहे : घेर अधिक दोन हात. हात म्हणजे दीड फूट, तेव्हा तीन फूट जास्तीचे. माझ्या ३० इंचांपेक्षा हे सहा इंचांनी जास्त आणि तेच बरं, कारण दोन वेळा टोक कापून नवं केलं की सहा इंच असेच जातात.

"कुठलाही जाड नायलॉन चालेल."

या विधानावर थोडं थांबतो, कारण लांबीचं खरं गणित इथं बिघडतं.

पहिली गोष्ट, बाजारात 'नायलॉन' म्हणून मिळणारा पिवळा किंवा निळा गुळगुळीत दोर बऱ्याचदा नायलॉन नसतोच. पेठेतल्या एका दुकानदाराने मलाही "अस्सल नायलॉन हाय" म्हणून दिला होता. घरी येऊन वीतभर तुकडा बादलीत टाकला. तो तरंगला. नायलॉन पाण्यात बुडतो, पॉलिस्टरही बुडतो. तरंगतो तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन. गवताच्या पेंढ्या बांधायला उत्तम, पण उन्हाने तो लवकर खराब होतो, आणि सोलापूरच्या मे महिन्याबद्दल मी सोलापूरकरांना काय सांगणार! गच्चीवर वर्षभर पडलेल्या अशा दोराला पीळ देऊन बघा, भुसा बोटांना लागतो.

बरं, अस्सल नायलॉन मिळाला. तोही ताणला की लांबतो आणि ओला झाला की काही ताकद गमावतो. धक्का झेलायला हे ताणणं चांगलं, गिर्यारोहक म्हणूनच नायलॉन वापरतात. पायरी आवळून ठेवायला तेच वाईट. वजनाखाली दोर शेकडा ३ एवढाच लांबला असं धरा. अडीच फुटी फांदीवर एक इंचाचाही ढिलेपणा येत नाही. ९ फूट ४ इंचांच्या बुंध्यावर तो तीन इंचांच्या वर जातो. म्हणजे वेढा जितका मोठा तितका दोर जास्त सुटतो, आणि मोठ्या वेढ्यासाठीच लोक लांब नायलॉन घेतात.

या दोरावर ताण किती येतो? पायरीवरचं पाऊल खोडापासून सहा इंच पुढे असतं. दोर आणि खालचा टेकू यांच्यात उभं अंतर समजा चार इंच. ७० किलोचा माणूस शांत उभा राहिला तर पायरीचा वरचा भाग १०५ किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. हा जोर दोराच्या दोन्ही बाजूंत वाटला जातो, पण पाय आपटला की तो कितीतरी वाढतो. शिवाय गाठ जिथं असते तिथं दोराची ताकद सहज तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. म्हणून मी पॉलिस्टर वापरतो, तो कमी ताणतो आणि ऊनही चांगलं सोसतो. तिकडचे शौकीन अतिदृढ पॉलिइथिलीनचा दोर लावतात, तो जवळपास ताणतच नाही. पण तो इतका निसरडा असतो की साधी गाठ त्यात सरकते आणि टोकं दोरातच विणून घ्यावी लागतात. ते ज्याला येत नाही त्याने त्याच्या नादी लागू नये. घायपाताचा किंवा अंबाडीचा दोरही नको : ओला झाला की आखडतो, वाळला की ढिला पडतो, आणि हे तुम्ही वर असताना होतं.

"अंगाला दोर बांधायची गरज नाही."

आहे. चढताना खोडाभोवतून अंगाला येणारा दोर लाईनमन बांधतात तसा हवा. त्याशिवाय दोन्ही हात मोकळे राहात नाहीत, आणि दोन्ही हातांशिवाय वरची पायरी बांधताच येत नाही. कमरेचा नुसता पट्टा पुरत नाही. पडलात तर पोटावर लटकाल. खांदे आणि मांड्या धरणारा पूर्ण अंगाचा पट्टा घ्या. या मुद्द्यावर मी वाद घालत नाही.

मजकुराखाली एकाने वेगळीच हरकत घेतली होती : "हे शिकारीचं सामान आहे, आपल्याकडे बाळगणंच गुन्हा." शिकारीवर बंदी आहे ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. पायरीने कुणाची शिकार होत नाही, ती एक शिडी आहे. पण पक्षीवाल्या मित्रांनी याच कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचावी. वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं हेही तिच्यात येतं. घारीच्या घरट्याचा फोटो काढायला पायऱ्या लावून वर गेलात आणि घार उडाली, तर अमेरिकेतला शिकारी आणि तुम्ही यांच्यात कायदा फार फरक करणार नाही. आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे. तिथं आत जाऊन झाडाला काहीही बांधायचं तर वनखात्याची परवानगी लागते, बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला बसणाऱ्यांनाही.

मामांकडे परवा बसून आम्ही शेवटी दोर कापले. सुतळीने तीन चिंचा आणि एक कडुनिंब मोजला, पाच फुटांपेक्षा जास्त घेराचं सगळं शिडीला सोडलं. उरलेल्या मापांत चार दोर सहा फुटांचे निघाले आणि दोन आठ फुटांचे. टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली, आठ फुटींना लाल दोरा गुंडाळला. मामा ते हातात घेऊन म्हणाले, "मग आठ फूट बरोबरच हुतं की!"

"दोन पायऱ्यांना, मामा."