लॅलरने खंड बुडवा एवढंच सांगितलं नव्हतं

एकोणिसाव्या शतकातला आयरिश क्रांतिकारक जेम्स फिन्टन लॅलर याच्याबद्दल एका लेखात वाचलं: 'लॅलरने कुळांना सरसकट खंड (जमिनीचं भाडं) बुडवायला सांगितलं'. हे वाक्य खटकलं. जुलै १८४८च्या 'आयरिश फेलन' या वृत्तपत्रातला त्याचा हिशेब पाहा: आलेल्या पिकातून आधी पुढच्या वर्षभराचं पोटापुरतं बाजूला काढा, उरेल त्याच्या किमतीपलीकडे खंड किंवा थकबाकी देऊ नका. आयर्लंडच्या दुष्काळात बटाटा कुजला होता आणि घरातलं ओट खंडापायी विकावं लागत होतं, तिथे हा क्रम उलटा करणं केवढी मोठी गोष्ट होती!

पुढची पायरी तर लेखात नाहीच. जमीनदारांचा खंड थांबवायचा तो लोकांची राष्ट्रीय सभा किती आणि कोणाला द्यायचा हे ठरवेपर्यंत. त्याच्या मते तो सार्वजनिक कामांसाठी लोकांकडेच जमा व्हावा. म्हणजे खंड राहतो, धनी बदलतो. नंतरच्या आयरिश जमीन चळवळीचा नेता मायकेल डेव्हिट याची जमीन राष्ट्रीयीकरणाची मागणी याच्या जवळची. त्याच चळवळीतला दुसरा नेता पार्नेल याला हवी होती ती कुळांची वैयक्तिक मालकी.