बिनमहत्त्वाचे बोलण्याचा परवाना

हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून रेडिओवरून एकमेकांशी बोलण्याच्या, जुन्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक मोठे मनोरंजक कलम होते. हौशी केंद्रांनी एकमेकांशी तांत्रिक चाचण्यांपुरते बोलावे, आणि खाजगी काही बोलायचेच झाले तर ते इतके बिनमहत्त्वाचे असावे की त्यासाठी सार्वजनिक तार किंवा टेलिफोन वापरणे समर्थनीय ठरू नये, अशा अर्थाचे ते कलम. महत्त्वाचे बोलू न देणारे कायदे जगात पुष्कळ झाले. परंतु क्षुल्लकच बोला असे बजावणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही. आता एवढे क्षुल्लक बोलायचे तर कोणीही बोलेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे चालत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, तिच्यात ओहमच्या नियमापासून ट्रान्झिस्टरपर्यंत आणि वायुलहरींच्या स्वभावापासून कायद्याच्या कलमांपर्यंत सारे विचारले जाते, आणि मगच आपल्याला एक कॉल साइन, म्हणजे रेडिओवर सांगायचे अक्षर-आकड्यांचे नाव, मिळते. मोर्सची कट्टकडकट्ट ज्याला जमते त्याला वरच्या दर्जाचा परवाना मिळतो. ज्याला ती जमत नाही त्याला खालचा. माझी कॉल साइन ‘व्हीयू३’ने सुरू होते, यावरून जाणकारांनी काय ते ओळखावे.

परवाना आला की हातातला छोटा रेडिओ, म्हणजे हॅम ऊर्फ हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या भाषेत ‘हँडी’, घेण्याचे वेध लागतात. एके काळी हा प्रश्न सोपा होता, कारण चांगले हँडी जपानी असत आणि ते परवडत नसत, विषय संपला. २०१२ मध्ये बाओफेंग यूव्ही-५आर हा चिनी हँडी बाजारात आला आणि दोन बँडांवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर, चालणारा रेडिओ जपानी किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागल्यामुळे निवडीचे संकट मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यानंतर त्याचे सख्खे, चुलत आणि मानलेले भाऊ इतके निघाले की कोणाच्या पोटात कोणाचे सर्किट आहे हे सांगणे कठीण झाले. माझा हँडी याच गोतावळ्यातला आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण त्या गोतावळ्यात नावाने फारसा फरक पडत नाही.

निवड करताना अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा, या समजुतीने मी एका ज्येष्ठ हॅम काकांना विचारले. त्यांनी स्वस्त हँडी घेऊ नकोस असे निक्षून सांगितले आणि सांगताना स्वतःच्या कमरेला लावलेला स्वस्त हँडी हाताने झाकला. दुसऱ्या स्नेह्यांनी पाच वॉटऐवजी आठ वॉटचा घे असा आग्रह धरला. आता हे गणित परीक्षेत होऊन गेले होते, त्यामुळे मला गप्प बसवेना. ऐकणाऱ्याच्या मीटरवरचा काटा एक घर पुढे सरकवायचा असेल तर शक्ती चौपट करावी लागते. पाचाची आठ केल्याने काटा घराच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा जात नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘तरी आठच घे’ म्हणाले.

खोक्यावर छापलेल्या पल्ल्याविषयी तर बोलूच नये. हा पल्ला दोन माणसे दोन पर्वतशिखरांवर उभी आहेत आणि मध्ये केवळ स्वच्छ हवा आहे, असे गृहीत धरून काढलेला असावा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असते, आणि शहरातले सिमेंट काँक्रीट त्यातलेही बरेचसे गिळते.

जोडी घेतली तर स्वस्त पडते, असे विक्रेत्यांचे म्हणणे असते आणि ते हिशेबाने खरेही असते. प्रश्न असा की दुसऱ्या हँडीवर बोलणार कोण? ज्याच्याकडे परवाना नाही त्याला या लहरींवर स्वतःच्या जोरावर बोलता येत नाही. हे मी पत्नीला कायद्याच्या कलमांसह समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तुमच्याशी बोलण्यासाठी मी सरकारी परीक्षा द्यायची? आजवर न देताच बोलतेय की.” ट्रेकला जाणाऱ्या मंडळींसाठी सरकारने २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा अर्ध्या वॉटच्या मर्यादेत परवान्यावाचून खुला केला आहे, हेही मी तिला सांगितले. पण तोवर ती संभाषणाच्या पल्ल्याबाहेर गेली होती. दुकानांतून मात्र दोन्ही प्रकार सरसकट ‘वॉकीटॉकी’ म्हणून विकले जात, आणि हा घोळ इतका वाढला की २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. माझा हँडी १३६ पासून १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलायला तयार असतो. त्या अडतीस मेगाहर्ट्झपैकी १४४ ते १४६ एवढेच दोन माझे. उरलेल्या छत्तीसांत बटण दाबले तर पुढचे संभाषण बहुधा पोलिसांशी होईल, आणि ते बिनमहत्त्वाचे नसेल.

खरी सत्त्वपरीक्षा पुढे आहे. या हँडीच्या मेनूत चाळीसएक कलमे असतात आणि प्रत्येकाचे नाव काटकसरीने लिहिलेले असते. स्वर तर बहुतेक वगळलेलेच असतात. प्रत्येक बटण दाबल्यावर आतली एक बाई इंग्रजीत काहीतरी घोषणा करते, आणि एखादे कलम चुकीचे फिरले तर तीच बाई तितक्याच आत्मविश्वासाने चिनीत बोलू लागते. रिपीटर, म्हणजे आपले बोलणे ऐकून ते पुढे सर्वांना ऐकवणारे केंद्र, हँडीत साठवण्याचा विधी असा आहे. प्रथम पडद्यावरच्या वरच्या ओळीवर यावे. खालच्या ओळीवर राहून केलेले कोणतेही काम फळाला येत नाही. मग ऐकण्याची लहर टाकून ती एका क्रमांकावर साठवावी, म्हणजे बाई ‘रिसीव्हिंग मेमरी’ म्हणते. मग बोलण्याची लहर टाकून ती त्याच क्रमांकावर पुन्हा साठवावी, म्हणजे ती ‘ट्रान्समिटिंग मेमरी’ म्हणते. मध्ये फोन आला, दूधवाला आला किंवा मन विचलित झाले, तर आरंभापासून सारे पुन्हा करावे. हे सारे संगणकावरून ‘चर्प’ नावाच्या फुकट प्रणालीने मिनिटभरात होते असे सांगतात, आणि ते खरे आहे, फक्त त्यासाठीची केबल अस्सल हवी. माझ्या केबलमधली चिप नक्कल आहे हे संगणकाने ओळखले आणि तिच्याशी बोलण्यास नकार दिला. परवाना नसलेल्याशी न बोलण्याचे तत्त्व त्याने माझ्याकडूनच उचलले असावे.

एवढे करून रिपीटर साठवला तरी तो उघडतोच असे नाही. डोंगरमाथ्यावरचा रिपीटर आपले क्षीण बोलणे एका लहरीवर ऐकतो आणि सहाशे किलोहर्ट्झ अंतरावरच्या दुसऱ्या लहरीवर जोरकसपणे सर्वांना ऐकवतो. पण त्याआधी आपल्या आवाजाखाली ८८.५ हर्ट्झसारखा एखादा ठरलेला मंद सूर आहे की नाही हे पाहतो. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन जसा वहीत फ्लॅट नंबर लिहिल्याशिवाय सख्ख्या भाच्यालाही आत सोडत नाही, तसा हा सूर नसला की रिपीटर आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपण कॉल साइन सांगत राहतो, आणि डोंगर शांत असतो.

रिपीटरशिवाय थेट बोलावे तर भूगोल आडवा येतो. मी सहकारनगरात राहतो आणि माझे एक हॅम स्नेही कोथरूडला. नकाशावर आम्ही शेजारी आहोत. वायुलहरींच्या दृष्टीने आमच्यामध्ये तळजाईची टेकडी आहे आणि ती हलण्याची चिन्हे नाहीत. हँडीबरोबर येणारी बोटभर रबरी अँटेना हे या दुखण्याचे दुसरे कारण. १४५ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते, आणि खिशात मावावी म्हणून तिला वेटोळे घालून आखडलेले असते. म्हणून चांगली लांब अँटेना वेगळी घ्यावी लागते. मग तिच्यासाठी योग्य कनेक्टर, मग गच्चीवर नेण्यासाठी केबल, मग ती केबल उंच धरणारा बांबू. स्वस्त हँडी घेतल्यामुळे वाचलेले सगळे पैसे अशा रीतीने सत्कारणी लागतात.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मेनू चाळता चाळता ‘व्हॉक्स’ नावाचे कलम चालू करून ठेवले. हे कलम चालू असले की बटण दाबावे लागत नाही, आवाज झाला की हँडी आपोआप बोलू लागतो. त्यांनी हँडी ओट्यावर ठेवला आणि ते आंघोळीला गेले. त्या सकाळी शहरातल्या झाडून साऱ्या हॅम मंडळींनी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ‘फाइव्ह-नाइन’, म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत, दर्जाच्या ऐकल्या, आणि अखेरीस एका काकांनी फोन करून ‘तीन झाल्या, आता गॅस बंद करा’ असे कळवले. या शहरात हँडीवरून गेलेला इतका उपयुक्त संदेश मी दुसरा ऐकलेला नाही, आणि तो नेमका नियमबाह्य होता.

उपयोगाचे विचाराल तर प्रत्येक हॅमच्या मुखी एक उत्तर तयार असते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या हौशी केंद्रासह पोर्ट ब्लेअरला होत्या, आणि अंदमानातल्या माणसांची खुशाली त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीवर पोहोचली. ही घटना खरी आहे आणि ऐकताना आजही अंगावर काटा येतो. मात्र नव्या अँटेनेचे पार्सल दारात आले की दर वेळी हीच घटना सांगितल्यामुळे घरात तिचा परिणाम आताशा कमी होऊ लागला आहे.

कोथरूड गाठता येत नसले तरी अंतराळ गाठता येते, ही या छंदातली खरी गंमत आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एक हौशी रिपीटर आहे, १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या सुरासह बोलावे आणि ४३७.८०० वर ऐकावे. स्थानक चारएकशे किलोमीटर उंचीवरून जाते, पण मध्ये तळजाई नसते. ते डोक्यावरून दहाएक मिनिटांत निघून जाते आणि त्याच्या वेगामुळे ऐकण्याची लहरही खाली खाली सरकत राहते, म्हणून एका हाताने बटणे दाबत आणि दुसऱ्या हाताने अँटेना आकाशात फिरवत गच्चीवर गोल फिरावे लागते. एका संध्याकाळी मी असाच फिरत असताना गोंगाटातून एका अनोळखी हॅमने माझी कॉल साइन अचूक उच्चारली. मी घाईघाईने पुण्याचा नकाशाचौकोन ‘एमके६८’ सांगितला, त्याने आपला सांगितला, दोघांनी ‘फाइव्ह-नाइन’ म्हटले, दोघांनी ‘सेव्हंटी-थ्री’ म्हणून निरोप घेतला आणि स्थानक पुढच्या देशावर गेले.

मी धावत खाली आलो.

“अहो, काय झालं एवढं?” पत्नीने विचारले.

“अंतराळातून बोलणं झालं!”

“काय म्हणाला?”

मी क्षणभर विचार केला. “माझा आवाज त्याला स्वच्छ येत होता, असं म्हणाला.”

“त्यासाठी अंतराळ कशाला हवं?” ती पोळी उलटत म्हणाली. “मला इथे ओट्यापाशी येत होता.”