ऐनवेळी निघणाऱ्या माणसाचं तिकीट

एडिनबरा वेव्हर्लीहून लंडन किंग्ज क्रॉसला परत निघाले आहे. लेकीला हॉस्टेलवर सोडून आले, त्यावर चार ओळी आणि समुद्राचे फोटो टाकायचे होते. पण बेरिक सोडल्यावर गाडीत जे पाहिलं त्याने डोकं असं तापलंय की आधी हे लिहून मोकळी होते. आत्ता न्यूकॅसल गेलं, म्हणजे अजून अडीच-तीन तास गाडीतच आहे. पोस्ट मोठी होणार.

बेरिकला एक आजी चढल्या. सत्तरी ओलांडलेल्या. निळा रेनकोट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं लोकरीचं विणकाम. माझ्यासमोरची खिडकीची जागा मोकळी होती, तिथे बसल्या. डबा निम्मा रिकामा. बोलता बोलता कळलं की पीटरबरोला त्यांची धाकटी बहीण असते. उद्या तिच्याकडे जायचंच होतं, तिकीट केव्हाचं काढून ठेवलं होतं. काल रात्री भाच्याचा फोन आला: आईला हॉस्पिटलात हलवलंय, मावशी, उद्यापर्यंत थांबू नकोस. म्हणून सकाळी उठून, आवरून, निघाल्या.

मग टीसी आली. तरुण मुलगी, बोलायला मऊ. आजींनी नारिंगी पट्टीचं ते पुठ्ठ्याचं तिकीट पुढे केलं. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं. तारीख उद्याची. ॲडव्हान्स तिकीट, म्हणजे त्या दिवशीच्या त्या एकाच गाडीचं. आज चालणार नाही. नवीन काढावं लागेल, आजच्या पूर्ण दराने.

आजी म्हणाल्या, "पण पैसे तर मी भरलेत."

तेवढंच म्हणाल्या. वाद नाही, आवाज नाही. पर्समधून कार्ड काढलं, पिन चुकला, परत दाबला. उद्याच्या तिकिटाच्या चौपट तरी रक्कम गेली असेल. आणि ते उद्याचं तिकीट? त्याचे पैसे परत नाहीत.

मी बोलले. मागच्या सीटवरचा एक मुलगाही बोलला. टीसीचं म्हणणं, मला समजतंय, पण माझ्या हातात काही नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिच्या डोळ्यांत दिसत होतं तिला काय वाटतंय ते. राग आहे तो ज्यांनी बसून हे नियम बनवले त्यांच्यावर. आणि आता कृपा करून कुणी कमेंटमध्ये नियम समजावून सांगू नका, मला तो पाठ आहे. त्या बाई त्याच, वाट तीच, स्टेशनं तीच, बाजूच्या खुर्च्या मोकळ्या. एक दिवस आधी आल्या एवढाच त्यांचा गुन्हा.

निरोप आला की माणूस निघतो. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझी आजी गेली तेव्हा बाबा रात्रीच्या महालक्ष्मीने मुंबईहून कोल्हापूरला गेले. आरक्षण कुठलं, जनरलच्या डब्यात दाराशी उभं राहून गेले. हाल झाले, पण महिनाभर आधी काढलं असतं तर जे भाडं पडलं असतं तेच त्या रात्रीही पडलं. त्यांच्या घाईची किंमत कुणी लावली नाही. (आता आपल्याकडेही हे शिरलंय, कळतंय मला. तत्काळ आहे, प्रीमियम तत्काळ आहे, राजधानी-शताब्दीला २०१६ पासून जागा भरतील तसं भाडं चढतं. म्हणून तर जास्त भीती वाटते. पण जनरलचं तिकीट अजून जनरलचं आहे.)

भारतात असणाऱ्यांसाठी थोडं सांगते. इथे लांबच्या गाडीचं एकच भाडं नसतं. आधी काढाल तर स्वस्त, मग पायरी पायरीने चढत जातं, आणि आयत्या वेळी स्टेशनवर येऊन कुठल्याही गाडीत बसायचं म्हणाल तर एनीटाइम, सगळ्यात महाग. या दोन टोकांच्या मधे एक शहाणपणाची सोय होती, ऑफ-पीकची. गर्दीची वेळ टाळा, बाकी कुठलीही गाडी पकडा, भाडं ठरलेलं, आज काढा नाहीतर महिन्यापूर्वी. आमच्यासारख्यांना तोच आधार होता. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रयोग म्हणून लंडन ते न्यूकॅसल, बेरिक आणि एडिनबरा या प्रवासांसाठी ती तिकिटं काढून टाकली. त्याच्या जागी आलं एक तिकीट, ज्यात ठरलेल्या गाडीच्या ७० मिनिटं मागेपुढे जाता येतं. आणि तेही थोडं आधी काढलं तरच परवडणारं. सोपं केलं म्हणे. कुणासाठी सोपं? आजारपण घड्याळ लावून येत नाही हो.

हे गणित विमानाचं आहे. रिकामी गेलेली खुर्ची नंतर विकता येत नाही, म्हणून आधी येणाऱ्याला स्वस्त द्या आणि ज्याला गत्यंतरच नाही त्याच्याकडून वसूल करा. धंदा म्हणून मला ते समजतं. पण ज्याला गत्यंतर नाही तो कोण असतो? सूटबूटवाला असेल तर त्याचं तिकीट ऑफिस भरतं. उरलेले सगळे आजींसारखेच. कुणाचा अपघात, कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत. अडलेल्या माणसाला गाठून त्याच्याकडून जास्त घेणाऱ्या दुकानदाराला आपण गावात काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

हो, आधी काढलं तर तिकीट खूप स्वस्त मिळतं. लेकीच्या ॲडमिशनपासून मीही त्याचाच फायदा घेतेय. मान्य.

डरहॅम आलं. इथे गाडी उंच पुलावर असते आणि डावीकडून उजवीकडून शहर खाली पसरलेलं, वर टेकडीवर ते कॅथीड्रल. कितीही वेळा पाहिलं तरी मान वळतेच. आजींनी विणकाम बाजूला ठेवून मला बोट दाखवलं, बघ. स्वतःचं संकट मांडीवर असताना परक्या बाईला कॅथीड्रल दाखवायचं सुचतं माणसाला. आता काय लिहू.

या रस्त्यावर माझं प्रेम आहे, म्हणून तर एवढं लागतं. ३९३ मैल, साडेचार तासांच्या आसपास. वेव्हर्लीतून निघालं की काल्टन टेकडीखालचा बोगदा, मग शेतं, मग अचानक डाव्या हाताला समुद्र. बेरिकला ट्वीड नदीवरचा तो २८ कमानींचा पूल, रॉबर्ट स्टीफन्सनचा, १८५० मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलेला. याच स्टीफन्सनच्या हाताखाली काम केलेला जेम्स बर्कली पुढे आपल्या जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, मुख्य इंजिनीअर झाला. बोरघाट आणि थळघाटातल्या रेल्वेचं काम त्याच्या देखरेखीखाली सुरू झालं. किंग्ज क्रॉस सुरू झालं १८५२ च्या ऑक्टोबरात, आणि सहा महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी. बाबा इथे आले होते तेव्हा याच गाडीत बसून मला हे सगळं सांगत होते, आणि पूल आल्यावर काचेला कपाळ लावून बसले होते.

वेव्हर्लीच्या डोक्यावर जे मोठं हॉटेल आहे त्याचं मनोऱ्यावरचं घड्याळ माहीत आहे ना? १९०२ पासून ते मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवलंय, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. वर्षअखेरच्या रात्री तेवढं बरोबर करतात. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला की माणूस धावत येत असेल, त्याला तीन मिनिटं द्यावीत. आणि आज एक दिवस आधी आलेल्या बाईला उद्याचं तिकीट हातात असताना दुसऱ्यांदा पैसे भरावे लागतात.

आणि हा देश असा नव्हता. १८४४ चा कायदा आहे, पुढे पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन व्यापार खात्याचा अध्यक्ष असतानाचा. त्याआधी तिसऱ्या वर्गाची माणसं उघड्या वाघिणीत पावसात भिजत जायची. कायद्याने सांगितलं, दररोज निदान एक गाडी सोडा, सगळ्या स्टेशनांवर थांबवा, डब्यांना छप्पर घाला आणि मैलाला एक पेनीपेक्षा जास्त घेऊ नका. दया म्हणून नाही, कायदा म्हणून. कंपन्या तेव्हाही खाजगीच होत्या, फायद्यासाठीच चालत होत्या. तरी पार्लमेंट म्हणालं की गरिबाचं भाडं आम्ही ठरवू. गरिबाने ते पेनीचं तिकीट आधी काढायचं की आयत्या वेळी, असा प्रश्नच नव्हता.

यॉर्क. गाडी जरा रिकामी झाली, मग परत भरली.

एक मैत्रीण आत्ताच मेसेज करतेय की त्यांनी ॲपवर तिकीट बदलून घ्यायला हवं होतं, थोडी फी भरून होतं. हो, होतं. गाडी सुटायच्या आधी बदललं तर होतं. पण मग आजच्या भाड्याचा फरक भरावाच लागला असता, आणि आज सकाळी आजचं भाडं काय असणार? शिवाय बहीण हॉस्पिटलात आहे असा फोन रात्री आल्यावर सत्तरीतली बाई ॲप उघडून अटी वाचत बसेल का? तू बसशील? मी बसणार नाही.

स्प्लिट तिकिटाचंही तेच. एडिनबरा ते लंडन एकच तिकीट काढण्याऐवजी न्यूकॅसल, यॉर्क असे तुकडे पाडून काढलं, की कधी कधी पैसे वाचतात. गाडी तीच, खुर्ची तीच, कायदेशीरही आहे, गाडी तिथे थांबत असली की झालं. आपल्या ग्रुपवर याच्या टिप्स फिरतात आणि सगळे खूश होतात. मला त्यात आनंद वाटेनासा झालाय. ज्याला युक्ती माहीत तो स्वस्तात जाणार, आणि ज्याला माहीत नाही त्याच्या भाड्यातून ते भरून निघणार. न माहीत असणारे कोण, तर म्हातारी माणसं, नवीन आलेले विद्यार्थी, आपल्याकडून पहिल्यांदा मुलांकडे आलेले आईबाप.

गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा पोचली तर भाड्यातला काही भाग परत मिळतो, तासावर गेली तर एकेरी प्रवासाचं सगळं. चांगली पद्धत आहे, आपल्याकडे यायला हवी. पण बघा, गाडीला उशीर झाला तर प्रवाशाला भरपाई द्यायची एवढी समज यांना आहे. मग प्रवाशाचं आयुष्य वेळापत्रकाबाहेर गेलं तर थोडं सांभाळून घ्यायची समज का नाही?

१९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल ही सरकारी रेल्वे मोडून तिचे खाजगी कंपन्यांत तुकडे तुकडे केले. आता २०२४ च्या कायद्याने एकेका कंपनीचा करार संपेल तशी प्रवासी सेवा परत सरकारकडे येतेय. इथले बरेच जण त्यावर खूश आहेत, मीही आहे. पण डब्यावरचं नाव बदललं आणि भाड्याचं गणित तेच राहिलं तर आजींना काय फरक पडणार?

आजी उतरल्या पीटरबरोला. मी त्यांची पिशवी दारापर्यंत नेऊन दिली. फलाटावर भाचा उभा होता, त्याने लांबूनच हात केला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की अजून वेळ आहे. देव करो आणि तसंच असो. जाताना माझा हात धरून म्हणाल्या की त्या मुलीला काही बोलू नका हं, ती तिचं काम करत होती. त्यानंतर माझा आवाज जरा खाली आलाय. मागणी मात्र खाली येणार नाही.

फार मोठं काही मागत नाहीये मी. ॲडव्हान्स तिकीट असलेला माणूस दुसऱ्या गाडीत सापडला तर त्याने आधी भरलेले पैसे नव्या तिकिटात वळते करा. वरचा फरक घ्या, पण भरलेलं बुडवू नका. मैलांवर बांधलेली एक कमाल मर्यादा ठरवा, आयत्या वेळच्या तिकिटाने ती ओलांडायची नाही. लंडन-एडिनबराची ऑफ-पीक तिकिटं परत आणा. आणि हॉस्पिटल किंवा मयतासाठी निघालेल्या माणसाला सोडून द्यायचा अधिकार टीसीला लेखी द्या. एखादा खोटं बोलून सुटेल. सुटू दे. त्या एकासाठी बाकी सगळ्यांना का रडवायचं?

उपयोग काय, असं म्हणू नका. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या बहुतेक तिकीट खिडक्या बंद करायचं जवळजवळ ठरलं होतं. साडेसात लाखांच्या आसपास लोकांनी हरकती लिहून पाठवल्या आणि ऑक्टोबरअखेर सरकारने तो बेत गुंडाळला. खिडकीमागे माणूस बसलेला असतो म्हणून आजींसारख्यांना कुणाला तरी विचारता येतं. ती खिडकी लोकांनी पत्रं लिहून वाचवली.

मी उद्या माझ्या खासदाराला लिहितेय. मजकूर पक्का झाला की पहिल्या कमेंटमध्ये टाकते. इथे राहणाऱ्यांनी आपापल्या खासदाराचं नाव घालून पाठवा, आणि स्वतःच्या शब्दांत दोन ओळी नक्की जोडा, कारण छापील पत्रं कुणी नीट वाचत नाही. ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांनी तोही लिहा, फक्त नावं नकोत.

गाडी स्टीव्हनेजला पोचतेय. समुद्राचे फोटो रात्री टाकते.